मन मोजावं की ऐकावं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मानसशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. या काळात लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात, बँकेच्या रांगेत लोकांनी मला दोन प्रश्न हमखास विचारले. पहिला, ‘तुम्हाला समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का हो?’ याचं उत्तर सोपं आहे. नाही येत. दुसरा प्रश्न जरा अवघड. ‘चार माणसांशी गप्पा मारायच्या आणि त्याला संशोधन म्हणायचं, हे कसं काय?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा थोडं हसू असतं. आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यासाठी आधी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

१९८६ साली माझ्या वडिलांना, आबांना, पुण्याच्या एका रुग्णालयात दाखल केलं होतं. आबा तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘कॅन्सर आहे, पुढे गेलेला आहे. पेशंटला काही बोलू नका.’ आम्ही आबांना सांगितलं, ‘अल्सर आहे, महिन्या-दोन महिन्यांत घरी जाल.’ आबा म्हणाले, ‘बरं.’ पुढचे सात आठवडे आम्ही त्यांच्या खाटेशेजारी बसून आंब्याच्या मोसमाबद्दल बोलत होतो. डोळे भरून आले की बाहेर व्हरांड्यात जाऊन येत होतो. आबांनी एकदा पासबुक मागवून घेतलं, एकदा विम्याच्या कागदांवर सही केली. ‘आलोच आहे पुण्यात तर कामं उरकतो,’ एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर कागदपत्रं आणायला मी वॉर्डात गेले, तेव्हा तिथल्या मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘ताई, मास्तरांना सगळं ठाऊक होतं बरं का. दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाले, मुलांना सांगू नका मला कळलंय म्हणून. बिचारी एवढी मेहनत घेतायत.’

मी तेव्हा पीएच.डी.ची तयारी करत होते. प्रश्नावल्या आणि संख्याशास्त्र यांत मी बऱ्यापैकी तयार होते. त्या रात्री माझ्या मनात आलं, त्या वॉर्डात कुणी छापील प्रश्नावली घेऊन आलं असतं तर काय झालं असतं? ‘तुम्हाला तुमच्या आजाराचं स्वरूप माहीत आहे का?’ आबांनी आमच्यासमोर ‘नाही’वर खूण केली असती. ‘रुग्णाला आजाराची कल्पना आहे असं वाटतं का?’ आम्हीही ‘नाही’वरच केली असती. दोन्ही उत्तरं जुळली असती, आकडेमोड बिनचूक झाली असती, आणि त्या खोलीत खरोखर काय चाललं होतं त्याचा मागमूसही कागदावर उतरला नसता.

सोंग, दोन्ही बाजूंचं

पुढे वर्षभराने एक जुनं पुस्तक माझ्या हाती आलं. अमेरिकेतल्या बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास केला होता. पुस्तक १९६५ सालचं. त्यांच्या गटात जीन क्विंट ही परिचारिकाही होती. हे लोक वॉर्डांत तासन् तास थांबले, परिचारिका, डॉक्टर, नातेवाईक यांच्याशी बोलले, कोण कुणासमोर काय बोलतं आणि काय गिळतं ते टिपत राहिले. त्यातून त्यांना चार अवस्था दिसल्या. पहिलीत रुग्ण सोडून सगळ्यांना माहीत असतं. दुसरीत रुग्णाला संशय येतो आणि तो अधूनमधून खडा टाकून पाहतो. तिसरीत दोन्ही बाजूंना माहीत असतं, पण दोघंही माहीत नसल्याचं सोंग वठवतात. चौथीत सगळं उघड असतं.

तिसरी अवस्था वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या सात आठवड्यांना कुणीतरी वीस वर्षं आधीच नाव देऊन ठेवलं होतं, तेही सातासमुद्रापलीकडच्या वॉर्डात बसून.

गुणात्मक संशोधन म्हणतात ते हे. संख्यात्मक संशोधनात आधी ठरवतात काय मोजायचं, मग मोजतात. गुणात्मक संशोधनात मुळात मोजण्याजोगं काय आहे, हेच अजून कळलेलं नसतं. मुलाखत, निरीक्षण, रोजनिशा, पत्रं, एखाद्याच माणसाचा वर्षानुवर्षं केलेला अभ्यास, अशा साधनांनी संशोधक आधी नकाशा काढतो. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये आपल्या पद्धतीवर वेगळं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा, की सिद्धान्त आधी ठरवून माणसांवर लादू नका, माणसांच्या बोलण्यावागण्यातून तो उगवू द्या. आज मानसशास्त्रात आणि परिचर्याशास्त्रातही ही पद्धत जगभर वापरतात.

आकड्यांचं काम वेगळं, आणि तेही तितकंच महत्त्वाचं. १९६१ साली अमेरिकेत एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितलं, की आम्ही कॅन्सरच्या रुग्णाला शक्यतो निदान सांगत नाही. १९७९ मध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत वारं किती फिरलं, हे आकड्यांशिवाय कळलंच नसतं. पण न सांगण्याच्या त्या काळात खाटेच्या दोन्ही बाजूंना काय घडत होतं, ते कळायला वॉर्डात बसावंच लागलं.

सरांची लाल रेघ

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला माझीच चूक सांगावी लागणार आहे.

मी माझा विषय बदलला. घरात कॅन्सरचा रुग्ण असलेल्या कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्या. बावीस घरांत गेले. खांद्याला टेपरेकॉर्डर, पिशवीत कोऱ्या कॅसेट. तासाभराची एक कॅसेट ऐकून कागदावर उतरवायला मला सात-आठ तास लागत. त्यामुळे ‘नुसत्या गप्पा’ म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, एक कॅसेट उतरवून पाहा.

पहिल्या पाच मुलाखती माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवल्या. सरांनी मुलाखत देणाऱ्यांच्या एकाही वाक्याखाली खूण केली नाही. माझ्या वाक्यांखाली मात्र लाल रेघा. ‘पण त्यांना आतून कळलं असेलच, नाही का?’ ही माझी. ‘म्हणजे तुम्ही लपवत होतात आणि तेही लपवत होते,’ हीही माझी. समोरची बाई ‘हो, तसंच असेल’ म्हणाली, की माझं लगेच ‘हो ना!’ सरांनी खाली लिहिलं होतं, ‘मुलाखत त्यांची आहे की तुमची?’

मला राग आला. वाटलं, या माणसाला काय कळणार! मग सोळाव्या घरी एक काकू भेटल्या. यजमान आजारी. मी चार-पाच प्रकारे तेच विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलंय. तेच म्हणाले, आता कोर्टातली केस मिटवून घेऊ. तुम्ही पुन्हा पुन्हा काय लपवलं काय लपवलं विचारताय, तुमच्या घरी काही झालंय का?’

मी गप्प झाले. घरी आल्यावर कपाट उघडलं. आधीच्या दोन कॅसेटी मी ‘आवाज नीट नाही’ म्हणून बाजूला टाकल्या होत्या. पुन्हा ऐकल्या. आवाज उत्तम होता. त्या दोन घरांत सोंग नव्हतं, सगळं उघड बोलणं होतं. माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं, म्हणून माझ्या कानांनाच ते नीट ऐकू आलं नव्हतं.

गुणात्मक पद्धतीचा सगळ्यात मोठा दुबळेपणा हाच. तिच्यात मोजपट्टी म्हणजे संशोधक स्वतः, आणि या मोजपट्टीला वडील असतात, दुःख असतं, मतं असतात. ज्या जिव्हाळ्यामुळे समोरचा माणूस मोकळा होतो, त्याच जिव्हाळ्यामुळे संशोधक त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालू शकतो.

वेड्यांच्या इस्पितळात आठ शहाणे

माझी चूक बावीस घरांपुरती राहिली. काही चुका जगभर पोचतात. डेव्हिड रोझेनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला लेख मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. मनाने निरोगी अशी आठ माणसं बारा मनोरुग्णालयांत गेली. ‘आवाज ऐकू येतात’ एवढंच त्यांनी सांगायचं होतं. दाखल झाल्यावर त्यांनी पूर्ण नेहमीसारखं वागायचं. सगळ्यांना दाखल करून घेतलं गेलं, एक वगळता सगळ्या वेळी निदान स्किझोफ्रेनियाचं झालं. कुणी ७ दिवस, कुणी ५२ दिवस आत राहिलं, सरासरी १९ दिवस. आत राहून ते वहीत टिपणं काढत, तर त्यावरही परिचारिकेची नोंद, की रुग्ण लिहिण्याचं वर्तन करतो! गंमत अशी, की डॉक्टरांना जे कळलं नाही ते इतर रुग्णांना कळलं. काही रुग्ण त्यांना म्हणाले, तुम्ही वेडे नाही, तुम्ही पत्रकार किंवा प्राध्यापक असणार.

आतून केलेल्या निरीक्षणाची ताकद या लेखात पुरेपूर दिसते. एकदा कपाळावर शिक्का बसला की साधं वागणंही त्या शिक्क्यातूनच वाचलं जातं, हे कोणत्याही प्रश्नावलीने इतकं जिवंत दाखवलं नसतं. निदानाचे नियम काटेकोर करण्याच्या चर्चेत हा लेख सतत पुढे येत राहिला.

पण २०१९ मध्ये सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. त्यांनी जुनी कागदपत्रं उकरून काढली. रोझेनहान स्वतः खोटे रुग्ण म्हणून दाखल झाले होते. त्या वेळच्या रुग्णालयाच्या नोंदी सापडल्या, तर त्यांत नुसते आवाज नव्हते, आत्महत्येच्या विचारांचाही उल्लेख होता. अशा माणसाला दाखल करून घेतलं यात डॉक्टरांचं काय चुकलं? इतर खोट्या रुग्णांपैकी बहुतेकांचा तर कॅहलनना ठावठिकाणाच लागला नाही. आणि एक नववा माणूस होता. त्याला इस्पितळात चांगली वागणूक मिळाली, आधार वाटला. त्याचा अनुभव लेखातून वगळला गेला. त्याने आपल्याबद्दलची काही माहिती खोटी सांगितली होती, असं कारण तळटीपेत दिलं गेलं.

ते वाचताना मला माझ्या बाजूला टाकलेल्या दोन कॅसेटी आठवल्या. फरक इतकाच, की मला वेळेवर एक काकू भेटल्या.

हे फक्त गुणात्मक पद्धतीतच होतं असं मात्र कुणी समजू नये. मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले शंभर अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर असे निघाले ३६ टक्के. आकड्यांनाही आवडता निकाल ओळखता येतो. पण आकड्यांचा प्रयोग निदान पुन्हा करून तपासता तरी येतो. माझ्या सोळाव्या घरची दुपार पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून गुणात्मक संशोधकावर कागदपत्रं जपून ठेवण्याची जबाबदारी जास्त.

आणखी दोन उणिवा थोडक्यात सांगते. बावीस घरांवरून मी ‘महाराष्ट्रातली इतकी टक्के कुटुंबं सोंग करतात’ असं म्हणू शकत नाही. सोंग असतं, ते असं दिसतं, ते असं टिकतं, इतकंच म्हणू शकते. शिवाय माझ्यासाठी दार उघडलं ती घरं बोलकी होती. ज्यांनी दारातूनच परत पाठवलं, त्यांचं काय?

दुसरी उणीव गोपनीयतेची. हजार प्रश्नावल्यांत माणूस लपून जातो. मुलाखतीत नाव बदललं तरी ‘तीन मुलींचा बाप, एसटीत वाहक, डावा हात अधू’ असं लिहिलं की तालुक्याला कळतं कोण ते. तपशील गाळले तर गोष्ट निर्जीव होते, ठेवले तर माणूस उघडा पडतो. या पेचातून पूर्ण सुटका नाही. मी शेवटी दोन मुलाखती प्रबंधात घातल्याच नाहीत, आणि का घातल्या नाहीत हे लिहिलं.

आधी ऐका, मग मोजा

मग करायचं काय? मला पटलेलं उत्तर आफ्रिकेतल्या झिंबाब्वेतून आलं. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, फार विचार करणं. मूळचे भारतीय असलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकात हरारे शहरात काम करत होते. लोक आपलं दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, हे तिथे आधी ऐकून घेतलं गेलं. ‘मला डिप्रेशन आहे’ असं कुणी म्हणत नव्हतं, ‘विचार फार होतो’ म्हणत होते. मग त्याच शब्दांतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आधी कान, मग मोजपट्टी.

पुढे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेत दवाखान्यांच्या आवारात बाकं मांडली. त्यांवर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसतात आणि ‘विचार फार होतो’ म्हणणाऱ्यांशी बोलतात. त्याला मैत्रीचं बाक असं नाव पडलं. हे खरंच उपयोगी पडतं का? इथे नुसत्या कहाण्या पुरणार नाहीत. २४ दवाखान्यांतल्या ५७३ माणसांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. २०१६ च्या अखेरीस आलेला निकाल असा, की सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात जवळजवळ निम्म्या लोकांत उदासीनतेची लक्षणं उरली होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांत. शब्द ऐकण्यातून सापडला, उपायाची खात्री मोजण्यातून पटली.

आपल्या शेजारी गोव्यातही असं काम झालं आहे. उदासीनतेचा त्रास असलेल्या स्त्रियांच्या सविस्तर मुलाखतींवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रिया मुख्यतः अंगदुखी, झोप न लागणं, पाळीचे त्रास यांबद्दल बोलत होत्या. कारण म्हणून सांगत होत्या पैशांची ओढाताण आणि घरातली, विशेषतः नवऱ्याशी असलेली, नाती. आपल्याला एखादा ‘आजार’ आहे असं क्वचितच कुणी म्हणत होतं. आता विचार करा, अशा बाईला दवाखान्यात ‘तुम्ही उदास असता का?’ विचारलं तर ती काय सांगेल? ‘नाही हो, कंबर दुखते फक्त.’

वर्तमानपत्रात ‘संशोधकांना असं आढळलं’ अशी बातमी आपण रोज वाचतो. बातमी मुलाखतींवर आधारलेली असेल तर मी चार गोष्टी पाहते. किती माणसांशी आणि कोणत्या माणसांशी बोलले? त्यावरून सगळ्यांबद्दल टक्केवारी तर ठोकून दिली नाही ना? संशोधक स्वतः कोण, त्याला आधीपासून काय वाटत होतं, हे त्याने सांगितलं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या गोष्टीत न बसणारं माणूस त्याला भेटलं का? एकही भेटलं नाही असं तो म्हणत असेल, तर मला कपाटातल्या कॅसेटींची शंका येते.

माझा प्रबंध पूर्ण झाला. त्यात एक प्रकरण त्या न बसणाऱ्या घरांवर आहे. सर म्हणाले, प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच. सोळाव्या घरच्या काकूंना ते दाखवायला मी गेले होते. त्यांचे यजमान तोवर गेले होते. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘केस मिटली हे लिहायचं राहिलं.’ मी घरी येऊन ते लिहिलं.

आबांच्या खाटेशेजारी आज पुन्हा बसता आलं असतं, तर मी मुलाखत घेतली नसती. आंब्याचा विषय काढला नसता. व्हरांड्यातही गेले नसते. ‘आबा, काही बोलायचंय का?’ एवढं विचारलं असतं, आणि त्यांना बोलायला जितका वेळ लागेल तितका वेळ गप्प बसले असते. बोलायचं नसतं तर त्यांनी आंब्याचं विचारलं असतं. तेही त्यांचं उत्तरच झालं असतं.